बुधवारी न मेलेले जंतू

१

"गाईच्या दुधात मृत्यूलाही माघारी धाडणारं सैन्य दडलेलं आहे!" असं डॉक्टर ओर्तेन्सिया पायान गेली कित्येक वर्षं सांगत आल्या आहेत. परिषदांत सांगितलं, रेडिओवर सांगितलं, आणि एकदा शेजारणीच्या मुलीच्या लग्नात बँड थांबवून सांगितलं. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. त्या बुधवारी सकाळी मात्र असं आढळून आलं, की या सैन्यानं मृत्यू राहू दे, वाटीतल्या साध्या जंतूंनाही हात लावलेला नाही.

जंतू नुसते जिवंत नव्हते. त्यांनी बाळसं धरलं होतं.

मेक्सिकोतल्या कुलियाकानच्या आमच्या विद्यापीठात ही प्रयोगशाळा आहे आणि मी विद्यापीठाचं मासिक पत्रक काढतो. त्यात वाढदिवस, निवृत्त्या आणि बंद पडलेल्या लिफ्ट यांच्या बातम्या असतात. त्यामुळे मला सगळीकडे मुक्त प्रवेश आहे आणि कुठेच मान नाही. असा माणूस पुष्कळ ऐकतो.

तर दुधात लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन असतं. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ. या माळेचा एक चिमुकला तुकडा तोडून घेतला, की तो जंतूंच्या मुळावर उठतो. त्याला पेप्टाइड म्हणतात. त्याच्या अंगावर धन भार, जंतूच्या कातडीवर ऋण भार. हा जाऊन चिकटतो आणि भोक पाडतो. कॅन्सरच्या पेशीची कातडीही थोडीफार तशीच, म्हणून तिचीही गत तीच. युरिदिया इन्सुन्सा ही आमची पोरगी बसून या तुकड्यातला एक मणी काढायची, दुसरा ओवायची, करून बघायची, पुन्हा उसवायची. असं करत करत तिनं एक तुकडा असा साधला, की डॉक्टर ओर्तेन्सियांनी निकाल दोनदा तपासला. युरिदियानं त्याला 'पालोमा' नाव दिलं. पालोमा तिच्या आजोबांची गाय.

शुक्रवारी कर्करोग रुग्णालयाची मंडळी पालोमाची करामत बघायला येणार होती. त्यांना पटलं तर पुढची सगळी कामं युरिदियाच्या नावानं चालणार होती. आणि बुधवारी हे असं.

डॉक्टरांनी फ्रीझर उघडला, पालोमाची कुपी उजेडात धरली आणि निकाल दिला.

"कुणीतरी यातलं औषध काढून पाणी भरलंय. फ्रीझरच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे. म्हणजे चोर एक तर मी, नाही तर तू. आणि मी मला लहानपणापासून ओळखते."

युरिदियानं आपली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"मोंतेर्रेच्या औषध कंपनीनं तुला नोकरीला बोलावलंय, मला कळलंय," डॉक्टर म्हणाल्या. "जायचं होतं तर सांगून जायचंस, पोरी. शुक्रवारच्या आत स्वतःहून जा. नाही तर त्या लोकांसमोर मला खरं बोलावं लागेल."

असं बोट एकदा दाखवलं गेलं, की मोंतेर्रे काय, कुठलीच प्रयोगशाळा तिला दारात उभी करणार नव्हती.

२

मी सरळ अम्पारोबाईंकडे गेलो.

अम्पारो गास्तेलुम यांनी आमच्या विद्यापीठाच्या दोन पिढ्यांना रसायनशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहेत, पण सगळे अजून त्यांना 'बाई'च म्हणतात आणि त्या दिसल्या की पोट आत घेतात. पर्समध्ये शेंगदाण्यांची पुडी आणि लिंबू, डोक्यात शहराची खडान्‌खडा माहिती. कुणाचं काही हरवलं, की लोक पोलिसांच्या आधी बाईंकडे येतात, कारण पोलीस चहापाणी मागतात आणि बाई शेंगदाणे देतात.

"ओर्तेन्सिया रडली का?" माझं सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"रडल्या नाहीत. पण फ्रीझरचं दार दोनदा आपटलं."

"म्हणजे मनातून रडली. चल."

डॉक्टर ओर्तेन्सिया आपल्या खोलीत पाठ ताठ करून बसल्या होत्या.

"बाई, तुम्ही मध्ये पडू नका. पुरावा आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "रविवारी ही इथे आली होती. मी विचारलं, बरोबर कोण होतं? म्हणाली, कुणी नाही. मग सोमवारी सकाळी मोरीत कॉफीचे दोन पेले कसे?"

"दोन कॉफ्या प्यायली असेल."

"वेगवेगळ्या पेल्यांतून? इथे पेले धुवावे लागतात, बाई. कुणी इतकं माजलेलं नाही."

"बरं. आणि फेर्मीन काय म्हणतो?"

डॉक्टरांनी घाईघाईनं दार लोटलं. "हळू! डॉन फेर्मीनना यातलं एक अक्षर कळता कामा नये. ही प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. हृदय आधीच नाजूक, त्यात गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या चेलोवहिनी गेल्या. त्यांना कळलं की त्यांच्या घरात चोरी झालीय, तर ते त्या खुर्चीतून उठणारच नाहीत."

शेजारच्या खोलीतून डॉन फेर्मीन उरियार्ते यांचं घोरणं येत होतं. ते रोज येतात, सगळ्यांना एक एक सल्ला देतात आणि झोपतात.

"आणि सोमवारी कांदेलारियाला तमालेस झाले म्हणे इथे?" बाईंनी विषय बदलला. कांदेलारियाच्या सणाला आमच्याकडे तमालेस खातात, मक्याचं पीठ पानात गुंडाळून वाफवलेले.

"झाले." डॉक्टरांनी टेबलावरचं पेन सरळ केलं. "चांगले झाले होते. सगळे म्हणाले."

"कुणी आणले?"

"लोकांनी... माझे आभार मानले," डॉक्टर म्हणाल्या आणि एकदम त्यांना बाहेर काहीतरी काम आठवलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तू खाल्लेस?"

"चार."

"कसे होते?"

"मऊ. पण दातात सालं अडकत होती. मक्याची."

बाई दाणा चावायच्या थांबल्या.

३

जंतूंचं खातं वेन्सेस्लाओ बोहोर्केसकडे आहे. हा धिप्पाड माणूस आपल्या जंतूंशी ज्या गोडीनं बोलतो, त्या गोडीनं बायकोशी बोलला असता तर तिसरं लग्न टिकलं असतं.

"काय वेन्सेस, तुझ्यावर संशय आहे," बाई म्हणाल्या.

"असणारच!" तो खूश होऊन म्हणाला. "मी त्यांना लहानाचं मोठं करायचं आणि वरच्या बायकांनी येऊन ठार मारायचं. खरं सांगू बाई? आज सकाळी ताट बघितलं आणि मला आनंद झाला. मग लाज वाटली. मग परत आनंद झाला."

ताट म्हणजे चिमुकल्या वाट्यांचं प्लास्टिकचं ताट. प्रत्येक वाटीत जंतू, जंतूंना खायला रस्सा आणि वर पालोमाचे थेंब. सकाळी वाटी नितळ दिसली, तर जंतू गेले. गढूळ दिसली, तर मजेत आहेत. बुधवारी सगळं ताट गढूळ होतं.

"रस्सा तूच करतोस?"

"दुसऱ्या कुणाच्या हातचा ते खात नाहीत. भुकटी बाजारची, पाणी गाळलेलं, आणि हे पिंप." त्यानं कोपऱ्यातल्या मोठ्या स्टीलच्या पिंपावर थाप मारली. त्याच्या तळाशी तोटी होती. "यात ढवळायचा, तोटीतून बाटल्या भरायच्या आणि वाफेत शिजवायच्या. मंगळवारी ताजा केला."

"या खेपेला काही वेगळं?"

"बाटलीच्या तळाशी जरासं पीठ बसलं होतं. म्हटलं भुकटीचा नवा डबा आहे, असेल. लेकरं आवडीनं जेवली ना? झालं तर."

"तू त्यांची बाजू घेऊन पालोमात पाणी भरलंस का?"

वेन्सेस दुखावला. "बाई, मी जंतूंचा आहे, पण लबाड नाही. आणि त्या पोरीचं वाईट करीन? माझा दुसरा घटस्फोट झाला तेव्हा महिनाभर तिच्या डब्यातलं जेवलोय मी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण तिचं काहीतरी चाललंय खरं. सोमवारी तमालेस खाताना सगळे हसत होते आणि ती डोळे पुसत होती."

४

युरिदिया मागच्या जिन्यावर बसली होती. मोंतेर्रेचा फोन दोनदा वाजला, तिनं घेतला नाही.

"रविवारी का आली होतीस?" बाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"कॅन्सरच्या पेशींना खाऊ घालायला. त्यांना रविवार कळत नाही."

"आणि दुसरा पेला कुणाचा?"

"बाई, मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"सांगितलं तर शब्द काय राहिला?" तिनं नाक पुसलं. "आणि त्याचा कुपीशी काही संबंध नाही हो. पाणी कुणी भरलं ते मला खरंच माहीत नाही. डॉक्टरांनीच मला इथे आणलं. माझा पहिला प्रयोग जळला तेव्हा आगीचा बंब येईपर्यंत त्यांनी माझा हात धरला होता. आणि आज त्या माझ्याकडे बघतही नाहीत. मोंतेर्रेला मी नाही म्हणणार होते, बाई. आता हो म्हणते."

"थांब. त्यांना उद्यापर्यंत हो म्हणू नकोस. एक सांग, मंगळवारी तू कॅन्सरच्या पेशींवरही पालोमा घातला होतास?"

"हो. त्याच कुपीतला. एकाच वेळी."

"त्यांचं काय झालं?"

युरिदियानं मान वर केली. "कुणी बघितलंच नाही. डॉक्टरांनी मला त्या खोलीत जायला बंदी केली."

बाई उठल्या. त्या वयाची बाई इतक्या चपळाईनं जिना चढताना मी बघितली नव्हती, आणि मागोमाग चढताना मला त्याची किंमत कळली.

५

उबदार कपाटातून बाईंनी पेशींच्या दोन बश्या काढल्या, एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, बघितलं आणि बाजूला होऊन मला बघू दिलं. मला यातलं काही कळत नाही. पण एका बशीत पेशी बाजारच्या दिवसासारख्या दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि दुसरीत नुसता बाजार उठल्यानंतरचा कचरा होता.

"दुसरीत पालोमा," बाई म्हणाल्या. "सगळ्या गेल्या. आता बोल."

"म्हणजे कुपीत पाणी नाही!"

"पाण्यानं कॅन्सर मरत असता, तर आमच्या नदीकाठी अमर माणसं असती. कुपीला कुणी शिवलेलं नाही. चोरीच झालेली नाही."

"मग जंतू का मेले नाहीत?"

"तीच कुपी, तोच हात, तोच दिवस. पेशींचा रस्सा तयार बाटलीतून येतो. जंतूंचा रस्सा?"

आम्ही वेन्सेसकडे परत गेलो. बाईंनी एक न वापरलेली बाटली हलवली. तळाचं पांढरं पीठ भोवऱ्यासारखं वर आलं. मग त्या वाकून पिंपाजवळ गेल्या, तोटीचा स्क्रू वेन्सेसकडून काढवून घेतला आणि आत बोट घातलं. बोट पांढरं झालं.

"मी नाही!" वेन्सेस ओरडला. कशाबद्दल, ते त्यालाही माहीत नव्हतं.

बाईंनी पर्समधून लिंबू काढलं, सुरीनं चिरलं आणि तोटीत पिळलं. तोटी फसफसली. बारीक बारीक बुडबुडे तोंडापर्यंत आले.

"अरे देवा," वेन्सेस म्हणाला.

"देव नाही, चुना. हवेत वाळून खडू झालेला, म्हणून फसफसला," बाई म्हणाल्या. "पिंप वरून स्वच्छ धुतलंय, चकाचक. तोटी धुवायची मात्र राहिली. वेन्सेस, आत्ता काचेच्या नव्या भांड्यात रस्सा कर आणि याच कुपीतला पालोमा घालून ताट लाव. आणि उद्या सकाळी सगळ्यांना बोलव. सगळ्यांना म्हणजे फेर्मीनलासुद्धा."

"पण डॉक्टर म्हणाल्या, त्यांचं हृदय..."

"त्याच्या हृदयासाठीच म्हणतेय."

६

गुरुवारी सकाळी वेन्सेसनं ताट आणून टेबलावर ठेवलं. वाट्या आरशासारख्या नितळ होत्या. त्यानं टोपी काढली.

"गेले," तो म्हणाला. "सगळे."

डॉक्टर ओर्तेन्सियांनी ताट उजेडाला धरलं, खाली ठेवलं, पुन्हा धरलं. "ही... तीच कुपी?"

"तीच," बाई म्हणाल्या. "जंतूच्या कातडीवर पालोमा जाऊन बसतो, कारण त्याच्यावर धन भार आहे. पण चुन्यातल्या कॅल्शियमवरही धन भारच. खिडकीतून रुमाल टाकून बसची जागा धरावी, तशी त्यानं आधीच जंतूंच्या अंगावरची जागा धरली. पालोमा आला, बघतो तर गाडी भरलेली. बिचारा उभ्यानं गेला."

"हे मला माहीत आहे!" डॉक्टर म्हणाल्या. "हे सगळ्या जगाला माहीत आहे! हे तर डॉन फेर्मीननी याच खोलीत..." आणि त्या थांबल्या.

डॉन फेर्मीन आपल्या खुर्चीत पूर्ण जागे होते. असं त्यांना मी पुष्कळ वर्षांत बघितलं नव्हतं.

"आता चुना रश्श्याच्या पिंपात कसा गेला?" बाई पुढे म्हणाल्या. "कुलियाकानात माणूस मोठ्या भांड्यात चुना कशासाठी घालतो? मका शिजवायला. मका भिजतो, सालं सुटतात, मग दळून तमालेसचं पीठ. सोमवारच्या तमालेसमध्ये सालं होती. म्हणजे पीठ गिरणीवाल्याचं नाही. कुणीतरी पहिल्यांदाच, स्वतःच्या हातानं, घरी केलेलं. आणि घरात एवढं मोठं भांडं नसलेल्या कुणीतरी. तमालेस कुणाच्या गळ्यात पडतात? जानेवारीत राजांच्या सणाला रोस्क्याचा गोड पाव कापताना ज्याच्या तुकड्यात बाहुला निघतो त्याच्या. यंदा बाहुला कुणाला निघाला?"

"कुणालाच नाही," वेन्सेस म्हणाला. "दरवर्षीसारखं. ज्याला निघतो तो लपवतो."

"कुठे लपवतो? त्या दिवशी मी इथेच होते. फेर्मीन नेहमीप्रमाणे प्रथिनांवर बोलत होता. रोस्क्याचा घास घेतला आणि वाक्याच्या मध्येच गप्प झाला. तासभर. कुणी काही विचारलं तर नुसती मान. आपल्याला वाटलं, म्हातारा भावुक झाला."

"प्लास्टिकचा होता," डॉन फेर्मीन शांतपणे म्हणाले. "गालात ठेवला होता. गिळायची भीती वाटली."

कुणाला हसावं की नाही ते कळेना. वेन्सेस हसला.

"आधी सवयीनं लपवला," म्हातारा म्हणाला. "घरी जाऊन टेबलावर ठेवला आणि बघत बसलो. दरवर्षी बाहुला कुणालाही निघो, तमालेस माझी चेलोच करायची. तिनं इथल्या सगळ्यांना जेवू घातलंय. म्हटलं, यंदाही तिच्याच घरून यायला हवेत. पण तिची भांडी मुलींनी वाटून घेतलीत. म्हणून शनिवारी पिंप उचललं. रविवारी परत आणताना ही पोरगी भेटली. मी तिला कॉफी करून दिली आणि शपथ घातली."

"पण का लपवलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझे आहेत म्हटलं असतं, तर तुम्ही चांगलेच म्हणाला असतात. म्हातारा, विधुर, वाईट वाटेल त्याला. मला खरं ऐकायचं होतं." ते माझ्याकडे वळले. "यानं चार खाल्ले. सालांसकट. मी मोजले." मग त्यांनी हातानं कपाळ धरलं. "कॅल्शियम! मी स्वतः शिकवलंय हे. तोटी, ओर्तेन्सिया! मी तोटी विसरलो. आणि माझ्यामुळे या पोरीवर..."

युरिदिया जाऊन त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली. "तुम्हाला माहीतच नव्हतं. कुणी तुम्हाला सांगितलंच नाही."

"माझं हृदय नाजूक म्हणून?" म्हातारा संतापला. "चाळीस किलो मका ढवळलाय मी!"

"दहा किलोचं पिंप आहे ते," वेन्सेस म्हणाला.

"तू गप्प बस, जंतूवाल्या."

बाईंनी पर्स बंद केली. "या सगळ्या प्रकरणात चोरी म्हणावी अशी एकच झाली. सोमवारी तमालेसचं कौतुक कुणीतरी दुसऱ्यानंच घेतलं."

सगळ्यांनी डॉक्टर ओर्तेन्सियांकडे बघितलं. त्या कानापर्यंत लाल झाल्या.

"लोक म्हणत होते, छान झालेत," त्या पुटपुटल्या. "मी म्हटलं, त्यात काय एवढं. मला आयुष्यात कुणी स्वयंपाकाबद्दल चांगलं म्हटलं नव्हतं हो, डॉन फेर्मीन."

"मग आता ते कौतुक आपण दोघं मिळून घेऊ," म्हातारा म्हणाला.

७

दुपारी युरिदिया आपलं टेबल आवरत होती. चोरी नव्हती, आरोप नव्हता. पण एकदा आवरायला घेतलं, की माणूस आवरतंच. मोंतेर्रेवाल्यांना संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. खांद्याची मोठी पिशवी तिनं जमिनीवर उघडून ठेवली होती आणि त्यात एक एक वस्तू टाकत होती.

डॉक्टर ओर्तेन्सिया आल्या आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या. मी कोपऱ्यात लिफ्टची बातमी लिहीत असल्याचं दाखवत होतो.

"मला बोलायचंय," त्या म्हणाल्या, "आणि मध्ये बोलू नकोस. मी कुपी उजेडाला धरली आणि तुझ्याकडे बघितलं नाही. वीस वर्षं मी लोकांना सांगतेय की पुरावा बघा, मग बोला. आणि दोन कॉफीच्या पेल्यांवर मी तुझा निकाल लावला. तू शब्द पाळत होतीस आणि मी तुला खोटी म्हटलं. पालोमा माझा नाही, तुझा आहे. उद्या त्या लोकांसमोर मी एक शब्द बोलणार नाही, तूच बोल. पण ते सगळं नंतर. माझ्यासारख्या हट्टी बाईला समोर उभं राहून नाही म्हणणारं माणूस या इमारतीत एकच आहे, आणि ते मोंतेर्रेला गेलं तर मी रोज चुकत जाईन आणि मला कुणी सांगणार नाही. तू जाऊ नकोस. राहा. मी विनंती करतेय. मी कुणाला विनंती करत नाही, त्यामुळे नीट जमली नसेल, पण करतेय."

बाहेर कुठेतरी गाडीचा हॉर्न वाजला आणि थांबला. डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मीही माझी लिफ्ट सोडून दिली.

युरिदियाही रडत होती.

"मोंतेर्रेला मी मघाशीच नाही म्हणून कळवलंय, डॉक्टर," ती शेवटी म्हणाली. "हे मी फक्त घरी धुवायला इथले कोट भरतेय. पाय जरा उचलता का? तुम्ही पिशवीच्या पट्ट्यावर उभ्या आहात."